पिंपातलं स्वच्छ पाणी

१२ जानेवारी

मामा,

नमस्कार. मामीला वेगळा नमस्कार लिहिते, नाहीतर "पत्रं सगळी तुलाच येतात" म्हणून ती तुझा चहा बंद करेल.

आधी बातमी. कर्ज मंजूर झालं! तुझ्या रंगकारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट बसणार. आमच्या बँकेच्या हरित कर्ज विभागाचं हे पहिलं मोठं काम, आणि नदीकाठच्या रंगाऱ्यांत पहिलं नाव तुझं. तू माझा मामा आहेस हे साहेबांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "उलट बरं, घरचा माणूस शब्द राखेल."

आता नीट वाच. तुझ्या कारखान्याचं पाणी नदीत पडतं तिथे आमचे लोक एक मीटर बसवतील. पाण्याचा रंग, क्षार, तापमान, सगळं ते आपोआप मोजून बँकेला कळवेल. पाणी स्वच्छ असेल तर तुझं व्याज दर महिन्याला आपोआप उतरेल. कोणाच्या सहीसाठी खेटे घालायला नकोत. आणि आमच्या खातेदारांच्या फोनमधल्या अॅपवर नदीचा नकाशा दिसेल. तुझ्या पट्ट्यात पाणी चांगलं असलं की तिथे हिरवा ठिपका. आपले पैसे कुठे कामाला आले ते माणसांना डोळ्यांनी दिसेल.

हे फोनवर सांगितलं असतं, पण मशीनच्या आवाजाने तुझे कान गेले. मेसेज करावा तर सोड्याने फाटलेली तुझी बोटं त्या काचेला ओळखू येत नाहीत. म्हणून ही पत्रं. मला तशी आवडतातच.

शाळेत असताना मी चित्रात नदी लाल रंगवली होती, आठवतं? बाईंनी शून्य दिलं. त्या आठवड्यात तुझ्याकडे लाल कापडाचं काम होतं, मी दिसलं ते काढलं होतं. आता ती नदी पाण्याच्या रंगाची करायची आहे, मामा. काहीही करून पहिले काही महिने ठिपका हिरवा राहू दे. माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

तुझी,
बडबडी


२० मार्च

बडबडे,

आशीर्वाद. मामीचा चहा चालू आहे.

प्लांट सुरू झाला. तीन टाक्या, एक पंप आणि एक मोठं गाळणं. पहिल्या टाकीत काळंनिळं पाणी पडतं, दुसरीत चुना आणि तुरटी पडली की रंग दह्यासारखा फुटून तळाला बसतो, आणि तिसरीतून जे निघतं ते पाहून मुकादम म्हणाला, "मालक, हे आपलं नाही." तुझी मामी दोन वेळा येऊन बघून गेली. म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुमच्या कारखान्याचं काहीतरी स्वच्छ बघतेय."

तुमचं मीटर टॉर्चएवढं आहे. मी त्याला बँकेचा थर्मामीटर म्हणतो. रोज सकाळी जाऊन त्याच्याकडे बघून येतो, जसा काही मलाच ताप आहे.

खरं सांगू? आयुष्यभर घरच्या पाहुण्यांना मी नदीकडे नेलं नाही. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा, पुढच्या दाराने आणायचो आणि पुढच्याच दाराने पोचवायचो. आता मागचं दार उघडं ठेवतो.

अजून एक. तुमचा ठिपका बघून तयार कपड्यांची एक मोठी कंपनी आली. त्यांचा माणूस माझ्याशी ओरडून बोलत होता, शेवटी कागदावर लिहून दिलं. त्यांना हिरव्या ठिपक्याच्याच कारखान्यात रंगवलेलं कापड हवंय. आतापर्यंत करत होतो त्याच्या दुप्पट काम. मी हो म्हटलं. प्लांट तेवढ्या पाण्यासाठी बांधलेला नाही असं मुकादम म्हणतो, पण तो प्रत्येक गोष्टीत खोडा घालतो.

तुझा मामा


६ मे

मामा,

तू स्टार झालास! बँकेच्या दारात मोठ्या पडद्यावर नदीचा नकाशा लावलाय आणि त्यात तुझा ठिपका सगळ्यांत हिरवा. एप्रिलपासून तर रेघ अशी सरळ आहे की पट्टीने मारावी. आमचा आकडेवाला, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो, सारखा भिंग घेऊन बसल्यासारखा असतो. तो म्हणाला, "इतकं स्वच्छ पाणी आपल्या ऑफिसच्या नळाला येत नाही." मी म्हटलं, "माझा मामा आहे तो. हातात घेतलं की तडीस नेतो."

तुझं बघून आणखी रंगारी कर्ज घ्यायला तयार झाले. तुझ्या वरच्या अंगाला आहेत ते दोघे भाऊसुद्धा, ज्यांना तू चिकट म्हणायचास. त्यांचे ठिपके मात्र कधी हिरवे, कधी पिवळे होतात. त्यांना जरा शिकव.

पुढच्या महिन्यात बँकेची मोठी परिषद आहे. भाषण मी करणार आहे. तुझा एक फोटो पाठव, टाक्यांशेजारी उभा राहून. हसतमुख.

बडबडी


२१ मे

बडबडे,

फोटो पाठवत नाही. मी फोटोत चांगला दिसत नाही, आणि भाषणात माझं नाव घेऊ नकोस. इतर रंगारी आहेत, त्यांचं घे. ते दोघे भाऊ मेहनती आहेत. मी त्यांना चिकट म्हणायचो ते चुकलंच.

मामीचा गुडघा दुखतो आहे. बाकी ठीक.

परवा एक बाई आल्या होत्या. नदीच्या वळणावर, आपल्या कारखान्याच्या खालच्या बाजूला पूर्वी पोहण्याचा घाट होता. तिथे त्या तरुणपणी मुलांना पोहायला शिकवायच्या. पाणी बिघडल्यावर बंद केलं होतं. त्यांचं खातं तुमच्या बँकेत आहे. अॅपवर ठिपका बघून त्यांनी पुन्हा वर्ग सुरू केलाय म्हणे. माझे आभार मानायला आल्या होत्या. हातात फुलं होती. बराच वेळ बोलल्या. मला काही ऐकू आलं नाही, म्हणजे मी तसं दाखवलं. मामी दारात उभी राहून रडत होती, आनंदाने.

फुलं मामीने पाण्यात ठेवली आहेत.

या उन्हाळ्यात मुलांनी पोहू नये असं मला वाटतं. पाणी खोल आहे. तुला बँकेतून तसं काही कळवता येईल का? ठिपका थोडे दिवस काढता येतो का?

तुझा मामा


१६ जून

मामा,

किती रे लाजतोस! ठिपका का काढायचा? मुलं पोहतायत हेच तर आमच्या भाषणाचं सोनं आहे. पाणी खोल आहे ते त्या बाई बघतील ना, त्या पोहणं शिकवतात.

मी तुझं ऐकलं नाही. नाव घेतलं. जुना फोटो होता माझ्याकडे, तोच पडद्यावर लावला. तुझ्या निळ्या हातांबद्दल बोलले तेव्हा सभागृह उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की विभागाची प्रमुख म्हणून माझं नाव वर गेलंय.

मामीच्या गुडघ्याला शेक दे. तुझं पत्र कोरडं वाटलं. रागावलास का?

बडबडी


३ ऑगस्ट

बडबडे,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं होईल तसं पाठवतो.

पोहणाऱ्या मुलांना इजा झाली आहे. यंदा पाऊस लांबला म्हणून वर्ग अजून चालूच होता. गेल्या आठवड्यात त्यांच्या अंगाची कातडी लाल होऊन सोलली. त्यातल्या एका मुलीने पाण्यात डोळे उघडे ठेवले होते. बाईंनीच तिला तसं शिकवलं होतं, न घाबरता डोळे उघड म्हणून. ती दवाखान्यात आहे, दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

ते माझं पाणी होतं. कापड रंगवायच्या आधी कॉस्टिक सोड्यात उकळतो, त्याचं कातडी जाळणारं पाणी. त्या दिवशी एकदम सोडलं.

एप्रिलच्या सुरुवातीला प्लांटचा पंप जळाला. सुटा भाग बाहेरून यायचा होता. कंपनीचं कापड कढईत पडलेलं, थांबवलं तर नासलं असतं. मीटर रंग दाखवणार, ठिपका लाल होणार, तुझी मान खाली जाणार. मी मीटर काढलं, शेडमध्ये नळाच्या पाण्याने पिंप भरलं आणि त्यात सोडलं. मुकादमाला हात लावू दिला नाही, स्वतः केलं. दोन-चार दिवसांसाठी. मग पंप आला, बसला, पण काम दुप्पट झालं होतं आणि प्लांटला निम्मंच पाणी झेपत होतं. उरलेलं जुन्या पाइपने मागून जात राहिलं. मीटर पिंपातच राहिलं. रोज सकाळी त्याच्याकडे जायचो तो फक्त पिंप भरलेलं आहे ना ते बघायला.

तुझ्या पत्रात होतं, काहीही करून ठिपका हिरवा राहू दे. मग आकडेवाल्याचं लिहिलंस. मला वाटलं तुला कळलंय आणि तू मला सांभाळून घेते आहेस. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

त्या बाई काल पुन्हा आल्या. भांडायला नाही. मी हातानेच कानाकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून. त्यांनी पर्समधून कागद काढून लिहिलं, "तुमचं पाणी तर चांगलं आहे. मग हे वरून कोण सोडतं? तुम्हाला यातलं कळतं, शोधायला मदत कराल?" मी तो कागद वाचला. म्हणालो, "बघतो."

बघतो म्हणालो गं मी.

मामा


९ ऑगस्ट

मामा,

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. "काहीही करून" म्हणजे मेहनत करून. हे तुलाही कळतं. स्वतःच्या लबाडीचं खापर माझ्या एका वाक्यावर फोडू नकोस.

आता मी सांगते तसंच कर. काम आजच बंद कर. मीटर जागेवर लाव. बाईंना काही सांगायचं नाही, कोणालाच नाही. मीटर बिघडलं होतं असं इथून दाखवता येईल. तशी यंत्रं बिघडतात, कागदोपत्री ते बसेल. मुलीच्या औषधाचा खर्च मी नाव न सांगता पाठवते.

तुझं नाव मी सगळ्या सभागृहासमोर घेतलंय, मामा. तू काय केलंस हे.

पत्र वाचून फाडून टाक.


१८ ऑगस्ट

बाळा,

मी मामी. मी कधी पत्र लिहीत नाही, चुका सांभाळून घे.

तुझं पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यांना फाडायला जमलं नाही, मलाही नाही. ते वाचून त्यांना विचारलं, तोवर मला पिंपाचं काही माहीत नव्हतं. ती फुलं सुकेपर्यंत मी त्यांचं पाणी रोज बदलत होते.

दुसऱ्या दिवशी ते त्या बाईंच्या घरी गेले. मी बरोबर गेले, कारण बाई बोलतील ते त्यांना कोण सांगणार. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "मी तिला डोळे उघड म्हटलं होतं." हे वाक्य मी त्यांना तिथे सांगितलं नाही. घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून जेवत नाहीत नीट.

मग दवाखान्यात मुलीच्या आईवडिलांकडे गेलो. वडील अंगावर धावून आले. तुझे मामा होते तिथेच उभे राहिले. कारखान्याला कुलूप आहे. मुकादम आणि बाकीचे रोज दारात येऊन बसतात आणि संध्याकाळी जातात.

ते तुला लिहीत नाहीत. तू गप्प राहा म्हणालीस आणि ते गप्प राहिले नाहीत, म्हणून तुझ्यापुढे अवघडलेत. स्वतःपायी नाही, तुझ्यापायी.

एक विचारू? रागावू नकोस. त्यांनी लिहिलं तेव्हा तू चिडलीस, ओरडलीस. पण "काय सांगतोस!" असं कुठे म्हटलं नाहीस. तुला आधीच कळलं होतं का गं?

मामी


३० ऑगस्ट

मामी आणि मामा,

हो.

मेच्या पहिल्याच आठवड्यात आकडेवाल्याने माझ्यासमोर दोन रेघा ठेवल्या. त्या दोघा भावांच्या पाण्याचं तापमान दुपारी चढत होतं, सुट्टीच्या दिवशी उतरत होतं, कढई उघडली की उसळत होतं. मामाच्या पाण्याला काही होतच नव्हतं. तो म्हणाला, "हे वाहतं पाणी नाही. हे कुठल्यातरी भांड्यातलं आहे. एकदा जाऊन बघून येऊ या." मी त्याला म्हटलं, माझ्या मामावर संशय घेतोस? आवाज चढवला. तो बिचारा माफी मागून गेला. मग सगळे घरी गेल्यावर मी ती रेघ पुन्हा उघडली आणि पाहिली, आणि बंद केली. भाषण तोंडावर आलं होतं. त्यानंतर मी मुद्दामच ती रेघ उघडली नाही, आणि तुम्हाला मात्र लिहिलं की रेघ किती सरळ आहे.

मामा, तू ठिपका काढायला सांगितलास, मुलांनी पोहू नये म्हणालास. मला कळलं होतं. मी त्याला लाजाळूपणा म्हटलं, कारण तसं म्हटलं की मला काही करावं लागत नव्हतं. एका बोटाने ठिपका घालवता आला असता. तू पाणी सोडलंस, पण त्या पाण्यावर "या, पोहा" असं मी लिहिलं.

मामीचं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांकडे गेले. आधी आकडेवाल्याला सांगितलं, सगळ्यांसमोर, कारण त्याला मी सगळ्यांसमोर गप्प केलं होतं. तो म्हणाला, "मीच जास्त जोर लावायला हवा होता." हे ऐकणं सगळ्यांत जड गेलं. साहेबांनी मला घरी बसवलंय, चौकशी होईल. मी जे जे पाहिलं ते लिहून दिलं आहे.

पण याहून वाईट पुढे आहे. बँकेने सगळा नकाशाच काढून टाकला आणि नदीवरची सगळी हरित कर्जं थांबवली. त्या दोघा भावांनी काही केलं नव्हतं. त्यांचे ठिपके पिवळे होत होते, कारण ते खरं सांगत होते. आता त्यांचंही व्याज चढलं आणि प्लांट चालवायला वीज परवडत नाही. धाकट्या भावाचा फोन आला होता. शिवी नाही दिली. म्हणाला, "ताई, टाक्या बंद करतोय. तुम्हाला कळवावं म्हटलं." ही योजना खोटी नव्हती, मामी. ती चालत होती. पाणी खरंच सुधारत होतं. ती मी बुडवली.

मला तिकडे यायचंय. मुलीच्या घरी जायचंय. कशासाठी ते सांगता येत नाही. माफ करा म्हणायचं तोंड नाही. नको म्हणालात तर येणार नाही.

बडबडी


२५ सप्टेंबर

बडबडे,

मामीने तुझं पत्र दोन वेळा वाचलं आणि मग मला दिलं. मी तुला दोष द्यायला बसलो होतो, पण जमेना. तू भिंतीच्या त्या बाजूला होतीस, मी या बाजूला, आणि भिंत दोघांनी मिळून धरली होती.

मुलीच्या पट्ट्या निघाल्या. उजव्या डोळ्याने चांगलं दिसतं. डाव्याने उजेड दिसतो, माणसं दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात वेळ द्या. कातडी सगळ्यांची भरून आली.

घाटावर पाटी लावली आहे, पाण्यात उतरू नका म्हणून. नगरपालिकेचा माणूस रंगवायला येणार होता. पोहण्याच्या बाई म्हणाल्या, यांनाच रंगवू द्या. मी रंगवली. खाली माझं नाव आणि कारखान्याचं नाव घालायला त्यांनी सांगितलं नव्हतं, ते मी घातलं. लहान मुलांना वाचता येत नाही, म्हणून दुपारी तिथे जाऊन उभा राहतो. येणारेजाणारे बोलतात. मला ऐकू येत नाही, मामीला येतं. ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही.

त्या कपड्यांच्या कंपनीने काम काढून घेतलं. कारखाना पुन्हा उघडलाय, प्लांटला झेपेल तेवढ्याच पाण्यावर. माणसं निम्मी राहिली. मुकादम राहिला, पगार कमी घेऊन. त्याच्याशी डोळे मिळवायला मला अजून जमत नाही. काल त्या दोघा भावांकडे गेलो. थोरल्याने दार उघडलं आणि पुन्हा लावलं. धाकटा बाहेर आला. त्याला म्हटलं, माझ्या टाक्यांत दुपारनंतर जागा असते, तुमचं पाणी आणून घाला, टँकरचं मी बघतो. त्याने हो म्हटलं नाही. विचार करतो असं हाताने सांगितलं. नदी सध्या वरून तपकिरी येते. आमच्याकडून तिच्यात पडते ती धार पाण्याच्या रंगाची असते, पण मिसळल्यावर ते कोणाला दिसणार?

तू ये.

मुलीच्या घरचे बोलावणार नाहीत, पण दार लावणारही नाहीत, असं बाई म्हणाल्या. काय बोलायचं ते ठरवून येऊ नकोस. मी ठरवून गेलो होतो, त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही.

आणि एक. गाडीतून उतरलीस की मागच्या गल्लीने आमच्या घरी येशील, मला माहीत आहे, मीही पहिले काही दिवस तसाच फिरलो. तसं करू नकोस. बाजारातून ये. दुकानदार बाहेर येऊन बघतात, बघू दे. अवघड जातं, पण चालता येतं. मी थांब्यावर येतो. बरोबर जाऊ.

मामा